उष्टावणानंतर

चांदीची वाटी, चांदीचा चमचा, वर केशराच्या दोन काड्या तरंगणारी खीर. बाळ मामाच्या मांडीवर, आणि समोर मोबाइल धरून उभे असलेले सात-आठ जण. मुलगा असेल तर सहावा किंवा आठवा महिना, मुलगी असेल तर पाचवा किंवा सातवा, असा सम-विषमाचा जुना संकेत. (जागतिक आरोग्य संघटना असा भेद करत नाही, मुलगा असो वा मुलगी, सहा महिने पूर्ण होऊ द्या आणि मग वरचं अन्न सुरू करा, असं ती सांगते.) मामा खिरीचं बोट जिभेला लावतो, बाळ तोंड वेडंवाकडं करतं, सगळे हसतात. उष्टावण पार पडतं.

मग वाटी कपाटात जाते. दुसऱ्या दिवशी बाळाला काय भरवायचं, हा प्रश्न अनेक घरांत ‘डाळीचं पाणी द्या थोडं’ एवढ्यावर मिटतो.

बाळंतिणीच्या सव्वा महिन्याचं शास्त्र मराठी घराला तोंडपाठ असतं. शेक-शेगडी, धुरी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मालिशवाल्या बाईंची वेळ, पाहुण्यांनी पाय धुऊन आत यायचं की नाही, सगळं ठरलेलं. आपल्याकडे नवजात बाळं दगावण्याचा इतिहास मोठा असल्यामुळे ही दक्षता समजण्यासारखी आहे. पण बाळानं बाळसं धरलं, मान सावरली, की घरादाराचा जीव भांड्यात पडतो आणि लक्ष पातळ होत जातं. गंमत अशी, की भारतातल्या मुलांच्या वाढीचा आलेख याच सुमाराला घसरू लागतो. उंची खुंटणं, रक्त कमी होणं, वारंवार जुलाब, घशात काहीतरी अडकणं: या सगळ्यांचा जोर पहिल्या सव्वा महिन्यात नसतो, तो उष्टावणानंतर वाढतो.

सुरुवात पोटाच्या मापानं करू. या वयातल्या बाळाच्या जठरात वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० मिलीलीटर अन्न मावतं. आठ किलोच्या बाळाच्या पोटात म्हणजे एका वेळी २४० मिलीलीटर, एक मोठी वाटी. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाखेरीज दिवसाला सुमारे २०० किलोकॅलरी वरच्या अन्नातून लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००. आता या वाटीत वरणावरची निवळ ओतली, तर वाटी भरते, पोट भरतं, बाळ शांतही होतं. मिळत मात्र फारसं काही नाही, कारण डाळ पातेल्याच्या तळाशी राहिलेली असते. तीच डाळ घोटून, मऊ भातात कालवून, वर चहाच्या चमच्यानं एक चमचा तूप घातलं तर नुसत्या तुपातूनच ४५ च्या आसपास किलोकॅलरी मिळतात. आहारसल्लागार एक सोपी परीक्षा सांगतात: भरलेला चमचा तिरपा करा, घास पाण्यासारखा ओघळला तर तो फार पातळ आहे.

या पातळपणाच्या कोड्याला आपल्या स्वयंपाकघरानं एक उत्तर फार पूर्वीच शोधून ठेवलं आहे. नाचणी निवडायची, धुऊन रात्रभर भिजत घालायची. सकाळी पाणी निथळून ओल्या फडक्यात गच्च बांधून ठेवायची, मधूनमधून फडक्यावर पाण्याचा हबका मारायचा. दीड-दोन दिवसांत दाण्यांना दोऱ्यासारखे पांढरे मोड दिसू लागतात. मग सावलीत खडखडीत वाळवणं, मोड चोळून पाखडणं, मंद आचेवर परतणं, दळणं आणि शेवटी वस्त्रगाळ करणं. मोड येताना धान्यात अमायलेज नावाचं विकर तयार होतं आणि ते पिठूळ पदार्थाचे लांबलचक रेणू तोडतं. त्यामुळे मोडाच्या पिठाची लापशी साध्या पिठाइतकी फुगत नाही आणि तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं. १९८० च्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात आहारशास्त्रज्ञ तारा गोपालदास यांनी याच गुणावर काम केलं. घट्ट शिजवलेल्या लापशीत मोड आलेल्या धान्याचं पीठ चमचाभर मिसळलं, तरी ती बाळाला गिळता येईल इतकी सैल होते, आणि त्यासाठी पाणी वाढवावं लागत नाही. नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असतं, हा आणखी एक फायदा. मात्र वस्त्रगाळ करण्याचा सोस जितका जास्त, तितका सालीतला ऐवज फडक्यातच राहतो. सात-आठ महिन्यांच्या बाळाला साध्या चाळणीनं चाळलेलं पीठही चालतं.

लोहाची गोष्ट जरा वेगळी आहे. पोटात असताना, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, बाळ आईकडून लोहाचा साठा घेऊन ठेवतं. तो साधारण सहा महिने पुरतो. आईच्या दुधातलं लोह सहज पचतं, पण ते असतं थोडंच. म्हणजे साठा संपत येतो त्याच वेळी वाटीत डाळीचं पाणी येतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातली सहा महिने ते पाच वर्षं वयाची ६७ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली. महाराष्ट्राचा आकडा त्याहून थोडा जास्तच, ६९ च्या घरात. पुरेसा आणि वैविध्यपूर्ण आहार मिळणारी सहा ते तेवीस महिन्यांची मुलं देशात अवघी ११ टक्के. हे फक्त गरिबीनं घडत नाही. चारचाकी दारात उभी असलेल्या घरांतही बाळ दूध-बिस्किटावर वाढताना दिसतं.

सरकारी कार्यक्रमात सहा महिन्यांपासून लोहाचं सरबत आठवड्यातून दोनदा, एक-एक मिलीलीटर देण्याची सोय आहे. आशाताई ते घरी आणून देतात, आणि अनेक घरांत ती बाटली ‘शी काळी होते’ म्हणून फळीवर तशीच राहते. शी काळी होते हे खरंच. त्यात बिघडत काही नाही. अन्नातलं लोह म्हणजे कडधान्यं, पालेभाज्या आणि त्यावर पिळलेलं लिंबू, कारण क जीवनसत्त्वाच्या सोबतीनं वनस्पतींमधलं लोह बरंच जास्त शोषलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना तर अंडं, मासे किंवा मांस या वयात रोज असावं, असं म्हणतात. जे खातात त्यांच्या घरातही बाळाला अंडं ‘उष्ण पडेल’ म्हणून वर्षभर लांब ठेवलं जातं. त्याला आधार नाही. गाईचं किंवा म्हशीचं दूध हे मुख्य अन्न म्हणून मात्र वर्षाच्या आत नको. त्यात लोह जवळपास नसतंच, आणि दुधानं पोट भरलं की बाळ घासाला तोंड उघडत नाही. मीठ-साखर या वयात वेगळी घालायची गरज नसते. बाळाला अळणी लागत नाही, अळणी लागतं ते चव बघणाऱ्या आजीला.

मधाबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण आपल्याकडे मधाचं बोट शुभ मानतात. मधात कधीकधी क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जिवाणूचे बीजाणू असतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजू शकतात आणि तिथे विष तयार करतात. बाळ मलूल होतं, मान टाकतं, चोखणं मंदावतं, श्वासापर्यंत प्रकरण जाऊ शकतं. हा आजार १९७६ मध्ये पहिल्यांदा ओळखला गेला. बीजाणू साध्या उकळीला दाद देत नाहीत, त्यामुळे ‘घरचा, शुद्ध, गरम करून’ वगैरे सबबी चालत नाहीत. गुटीचंही थोडं तसंच. सहाणेवर हिरडा, वेखंड, जायफळ, मुरडशेंग यांचे किती वळसे घ्यायचे हे घरागणिक बदलतं. जायफळाचा वळसा जास्त झाला की बाळ ‘छान झोपतं’ आणि ती झोप गुंगीची असते.

शेंगदाण्याची कथा मात्र उलट्या दिशेनं गेली. ॲलर्जीच्या भीतीनं ब्रिटन-अमेरिकेत लहान मुलांना शेंगदाणा वर्षानुवर्षं वर्ज्य होता, आणि तरी ॲलर्जी वाढतच होती. लंडनचे डॉक्टर गिडियन लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक विसंगती दिसली: ब्रिटनमधल्या ज्यू मुलांमध्ये ही ॲलर्जी इस्रायलमधल्या ज्यू मुलांच्या सुमारे दहापट होती. इस्रायलमध्ये बाळं दात यायच्या सुमाराला ‘बाम्बा’ नावाचे शेंगदाण्याचे हलके कुरमुरीत तुकडे चघळतात. मग ॲलर्जीचा धोका जास्त असलेली, चार ते अकरा महिन्यांची ६४० बाळं घेऊन प्रयोग झाला. निम्म्यांना शेंगदाण्याचा पदार्थ नियमित दिला, निम्म्यांना अजिबात नाही. २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा पाचव्या वर्षी खाणाऱ्या गटातली ॲलर्जी सुमारे ८१ टक्क्यांनी कमी होती. साबुदाण्यापासून भरल्या वांग्यापर्यंत सगळीकडे दाण्याचं कूट घालणाऱ्या मराठी स्वयंपाकघराला ही बातमी सुखावणारी आहे. अंगावर तीव्र इसब असलेल्या किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या बाळाला मात्र डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. बाकीच्यांना अगदी बारीक कूट, लापशीत नीट मिसळून.

अख्खा दाणा मात्र नाही. चार-पाच वर्षांचं होईपर्यंत नाही. नऊ-दहा महिन्यांत बाळाची चिमूट जमते. अंगठा आणि तर्जनीत ते जमिनीवरचा मोहरीचा दाणाही उचलतं आणि थेट तोंडात घालतं. चावायच्या दाढा यायला अजून अवकाश असतो. अशा वेळी संक्रांत येते आणि घरात बोरन्हाण ठरतं. हलव्याचे दागिने घातलेल्या बाळाच्या डोक्यावर बोरं, हरभरे, भुईमुगाच्या शेंगा, उसाचे करवे आणि हल्ली रंगीत गोळ्या ओततात. समारंभ देखणा आहे, कोणी बंद करा म्हणणार नाही. पण ओतलेल्या जिन्नसांची यादी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवली तर ते कपाळाला हात लावतील. श्वासनलिकेतून दुर्बिणीनं काढाव्या लागणाऱ्या वस्तूंत शेंगदाणा आणि हरभरा अगदी वरच्या क्रमांकाला असतात. चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्यांवर भागवता येतं. कार्यक्रम संपल्यावर सोफ्याखालून झाडू फिरवणं हाही विधीचाच भाग मानावा.

अडकलंच, तर बाळ जोरानं खोकत असेल तोवर खोकू द्यावं. आवाज फुटेना, ओठ निळे पडू लागले, की बाळाला आपल्या हातावर पालथं, डोकं खाली करून धरायचं आणि दोन खांद्यांच्या मधोमध तळव्याच्या मागच्या भागानं पाच थापा मारायच्या. तेवढ्यानं निघालं नाही तर उताणं करून छातीच्या मध्यभागी हाडावर पाच दाब. पुन्हा थापा, पुन्हा दाब, आणि तोवर दुसऱ्यानं १०८ ला फोन. दिसत नसलेल्या वस्तूसाठी घशात बोट घालू नये. ती आणखी आत जाते.

‘दात येताहेत, त्यामुळे जुलाब होणारच’ हे वाक्य या वयाच्या बाळाच्या घरी हमखास ऐकू येतं. दातांचा यात दोष नाही. त्याच महिन्यांत बाळ रांगू लागतं, चप्पल, किल्ल्या, पायपुसणं सगळं चाखून बघतं, आणि आईकडून आलेली प्रतिकारशक्ती ओसरत असते. जुलाबांचं प्रमाण सहा ते अकरा महिन्यांत सर्वाधिक का, त्याचं उत्तर इथे आहे. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ आली, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजण्याचा निर्णय घेतला. मृत्यूंचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चारच्या खाली आलं. तेच आजचं ओआरएस. पाकीट अख्खं, पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच विरघळवायचं. अर्ध्या पेल्यात थोडी पूड टाकली की क्षाराचं गणित बिघडतं. सोबत सहा महिन्यांवरच्या बाळाला २० मिलीग्रॅम झिंक, चौदा दिवस, जुलाब थांबले तरी. आणि आईचं दूध, भरवणं चालूच.

रांगण्याकडे वळलं की घरात तुलना सुरू होते. ‘शेजारचा दहाव्या महिन्यात चालला.’ जागतिक आरोग्य संघटनेनं दिल्लीसह पाच देशांतल्या निरोगी मुलांच्या हालचालींची नोंद ठेवली, तेव्हा दिसलेला पल्ला थक्क करणारा होता. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिन्यांत कुठेही. स्वतःहून चालणं ८.२ ते १७.६ महिन्यांत कुठेही. आणि सुमारे चार टक्के मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. थेट उभी राहिली. म्हणजे दहा महिन्यांचा आणि सतरा महिन्यांचा, दोघेही वेळेवरच चालले.

घाई करणारी माणसं वॉकर आणतात. चाकांच्या गोल चौकटीत बाळाला बसवलं की ते पायांच्या बोटांनी ढकलत सुसाट जातं, आणि उंबरठा, जिना, गॅसवरच्या भांड्याची दांडी अशा ठिकाणी पोचतं जिथे ते स्वतःच्या बळावर पोचलं नसतं. चालणं त्यानं लवकर येत नाही, उलट लांबू शकतं. कॅनडानं २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. आपला लाकडी पांगुळगाडा त्यापेक्षा कितीतरी शहाणा: बाळ आधी स्वतःच्या पायांवर उभं राहतं, मागून दांडा धरतं आणि ढकलतं. तोल त्याचा त्यालाच सांभाळावा लागतो.

उंचीची भीती बाळाला असते का, याचा शोध एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी अमेरिकेत घेतला. त्यांनी जाड काचेचं टेबल केलं. एका बाजूला काचेला लागूनच चौकटीचं कापड, दुसऱ्या बाजूला तेच कापड खूप खाली, म्हणजे काच आहे पण खोल दरी दिसते. सहा ते चौदा महिन्यांची ३६ बाळं मधल्या फळीवर ठेवली आणि आईनं हाक मारली. २७ बाळं उथळ बाजूनं गेली. दरीवरून फक्त तीन. नंतर जेम्स सॉर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी (१९८५) खोली बेताची ठेवून वर्षाच्या बाळांवर पुढचा प्रयोग केला. आईनं हसरा चेहरा केला तेव्हा १९ पैकी १४ बाळं पलीकडे आली. घाबरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही नाही. काय करावं कळेनासं झालं की वर्षाचं बाळ आईच्या तोंडाकडे बघून ठरवतं. ‘पडशील!’ म्हणून दर मिनिटाला किंचाळणाऱ्या घरानं हे ध्यानात घ्यावं. खऱ्या धोक्याच्या वेळी वापरायला तो चेहरा शिल्लक ठेवलेला बरा. आणि पलंगाच्या कडेवर भरवसा कधीच ठेवू नये. नुकतं रांगायला लागलेलं बाळ कडा ओळखायला अनुभवानंच शिकतं, आणि तो अनुभव फरशीवरचा नसावा.

कान मात्र या महिन्यांत हालचालीच्या उलट दिशेनं जातात: विस्तारत नाहीत, निवड करतात. १९८४ मध्ये जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. त्यांच्या आईवडिलांना हा फरक कळत नव्हता. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना कळत होता. दहा-बारा महिन्यांचे होईतो त्यांतल्या बहुतेकांचा कान बंद झाला. तात्या आणि टाटा यांतला भेद परदेशात वाढणाऱ्या मराठी बाळाला राखायचा असेल, तर आजीनं गप्पा मारायची वेळ ही आहे. आणि शक्यतो समोरासमोर. पट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये दाखवलं, की नऊ महिन्यांची अमेरिकन बाळं खेळता-बोलता माणसाकडून चिनी ध्वनी शिकली. तेच बोलणं पडद्यावर दाखवलं तर काहीच शिकली नाहीत. वर्षाच्या आत पडदा नकोच, असं आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे. घास भरवताना समोर लावलेलं कार्टून त्यातच धरायचं. ते लावलं की बाळ तोंड उघडतं हे खरं, पण पोट भरल्याचं त्याला कळत नाही.

आठव्या महिन्याच्या आसपास एक दिवस हसतमुख बाळ दारात आलेल्या काकांना बघून भोकाड पसरतं. काका हिरमुसतात, आई ओशाळते. यात बिघाड नाही. ओळखीचा चेहरा आणि अनोळखी चेहरा यांतलं अंतर आता त्याला नेमकं कळू लागलं आहे. शिवाय जे दिसत नाही तेही कुठेतरी असतं, हे पियाजेनं नोंदवलेलं ज्ञान याच सुमाराला पक्कं होतं. ‘बुवाऽऽ कुक’मध्ये पदराआड गेलेली आई परत येणार हे बाळाला ठाऊक असतं, म्हणून तर ते खिदळतं. पण दाराआड गेलेली आई कधी येणार हे त्याला ठाऊक नसतं, म्हणून ते रडतं.

नेमक्या याच वळणावर कायदा येऊन उभा राहतो. २०१७ च्या दुरुस्तीनं संघटित क्षेत्रातल्या आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. अख्खी रजा बाळंतपणानंतर घेतली तरी ती संपते बाळाला सहा महिने होताना, म्हणजे उष्टावणाच्या आठवड्यात. पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. प्रत्यक्षात बहुतेकींचा आधार आजी किंवा सोसायटीतल्या पाळणाघरवाल्या ताई. बांधकामावरच्या मजूर बाईला तेही नाही. १९६९ मध्ये दिल्लीत गांधी शताब्दी प्रदर्शनाच्या बांधकामावर उन्हात ठेवलेली बाळं पाहून मीरा महादेवन यांनी ‘मोबाइल क्रेश’ सुरू केलं आणि ते काम पुढे मुंबई-पुण्यातही आलं, पण वाळूच्या ढिगाशेजारी बांधलेल्या झोळ्या आजही दिसतात.

पाळणाघर ठरलंच असेल तर रजा संपायच्या आधी दोन आठवडे सुरुवात करावी. पहिले काही दिवस आईनं तिथेच बसायचं, मग अर्धा तास बाहेर, मग दोन तास. घरचा वास असलेली गोधडी सोबत द्यावी. काढलेलं दूध खोलीच्या तापमानाला चार तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि मे महिन्यातल्या नागपुरात तेवढाही भरवसा नको. ते बर्फाच्या पिशवीतून न्यावं आणि तिथल्या फ्रिजमध्ये आतल्या बाजूला ठेवायला सांगावं. खाऊच्या डब्यावर ‘मऊ भात, घोटलेली डाळ, तूप’ असं लिहून ताईंना मापाचा चमचा दाखवावा, नाहीतर तिथेही डाळीचं पाणी ठरलेलं. बाळ खेळण्यात रमलं की मागच्या दारानं सटकण्याचा मोह सगळ्यांना होतो. तो टाळावा. ‘येते हं संध्याकाळी’ असं सांगून, टाटा करून, रडू आलं तरी समोरूनच निघावं. सांगून गेलेली आई संध्याकाळी परत येते, हे चार-आठ दिवसांत त्याच्या अनुभवाला येतं.